तीस हजार वाटायला अडीच महिने लागले

तीस हजार रुपये वाटायला आम्हाला अडीच महिने लागले. माझ्या नवऱ्याला हे अजून पटत नाहीये. त्याचं म्हणणं, तीस हजार ना, हरभट रोडला एक चक्कर मारली की एका दुपारी संपतात. संपले असतेच, खोटं नाही.

झालं असं, मी सांगलीतल्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवते, अकाउंट्स आणि टॅक्स. नवीन शिक्षण धोरण आल्यापासून पोरांना सीईपी नावाचा प्रकार असतो, कम्युनिटी एंगेजमेंट, म्हंजे समाजात जाऊन काहीतरी करायचं, त्याचा रिपोर्ट लिहायचा आणि क्रेडिट घ्यायचं. बहुतेक ठिकाणी ते ‘काहीतरी’ म्हंजे झाडं लावणे, घाट झाडणे, नाहीतर प्लॅस्टिकबंदीचं पथनाट्य. वाईट काहीच नाही त्यात, फक्त माझ्या वर्गाने गेल्या वर्षी लावलेली झाडं आता कुठं आहेत हे मला कुणी विचारू नका.

यंदा माझ्याकडे दोन गोष्टी एकदम आल्या. पुण्यात सीए असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, मॅडम पंचवीस हजार द्यायचेत, कशाला ते तुम्ही ठरवा. तो शाळेत असताना मिरजेत तबला शिकायचा, त्यामुळे अट एवढीच की पैसे कला शिकवणाऱ्या ठिकाणी जावेत आणि मोठ्या संस्थेला नकोत. आणि त्याच सुमारास मी डॉरिस बफेबद्दल वाचत होते. वॉरन बफेची ही थोरली बहीण, २०२० मध्ये गेली. तिनं ‘लर्निंग बाय गिव्हिंग’ नावाचं फाउंडेशन काढलं होतं, त्यात कॉलेजच्या वर्गाला खरेखुरे पैसे द्यायचे, एका वर्गाला दहा हजार डॉलर वगैरे, आणि पोरांनी आपल्या गावातल्या संस्था शोधायच्या, बघायच्या, भांडायचं आणि ठरवायचं कुणाला द्यायचे. मार्कांसाठी केलेलं नाटक नाही, खरा चेक. मला हे फार आवडलं. दहा हजार डॉलर आमच्याकडे कुठनं यायचे, पण पंचवीस हजार रुपये होते, त्यात माझे पाच घातले, तीस झाले.

चौदा पोरं. त्यात नऊ मुली. विट्याचा एक, कवठेमहांकाळची एक, तासगाव बाजूचे तिघं, बाकी सांगली-मिरजेचेच. मी सांगितलं की मला मत नाही, तुम्ही ठरवायचं, मी फक्त हिशोब बघणार.

पहिल्या मीटिंगला आलेल्या सूचना मी लिहून ठेवल्यात. शिल्ड. सरस्वतीची फ्रेम. वह्यावाटप. ब्लूटूथ स्पीकर. ‘कलाकार घडवा’ असा फ्लेक्स. मुलांना टी-शर्ट, मागे कॉलेजचं नाव. आमची सीआर, म्हंजे वर्गाची प्रतिनिधी, म्हणाली, मॅडम वह्याच देऊ, वह्या कुठंपण चालतात. मी म्हणलं अगं तबला शिकणारं पोरगं वहीचं काय करेल. तर म्हणाली, बोल लिहायला की. आता यावर काय बोलणार, बोल लिहायला वही लागतेच.

पण बघा, यात एकानेही असं म्हणलं नाही की आधी जाऊन विचारूया. मला पण त्या दिवशी ते खटकलं नाही, हे कबूल करते. मी पण मनात स्पीकरची किंमत काढत होते.

मग विट्याच्या पोराने एक प्रश्न विचारला. मी जरा सांगलीचं कौतुक करत होते, नाट्यपंढरी वगैरे, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथं सीतास्वयंवराचा खेळ केला, ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन करतो तो त्याचाच. पोरं मोबाईल खाली धरून बघत होती. हा म्हणाला, पैसे कुणी दिले? मी म्हणलं राजानं, चिंतामणराव पटवर्धनांनी. मग म्हणला, आणि राजा मेल्यावर?

अख्ख्या सेमिस्टरमधला सगळ्यात चांगला प्रश्न हाच होता. चिंतामणराव १८५१ मध्ये गेले आणि मागनं दरबाराचा आधार पण गेला, मग भाव्यांनी मंडळी घेऊन बाहेर पडायचं ठरवलं, गावोगाव खेळ, १८५३ मध्ये मुंबईला तिकीट लावून नाटक. म्हंजे दहा वर्षांत राजाच्या तिजोरीतनं लोकांच्या खिशात. पुढं मिरजेला पण तसंच. विष्णु दिगंबर पलुसकर मूळचे कुरुंदवाडचे, लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले म्हणून मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयानं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले, आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते मात्र कुठल्या राजाच्या जिवावर नाही, वर्गणी आणि गाण्याचे जलसे यांवर. आज गल्लोगल्ली पोरं प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा देतात त्याची सुरुवात तिथली. पण मुंबईत त्यांनी शाळेसाठी मोठी इमारत बांधली, कर्ज झालं, आणि इमारत लिलावात गेली. हे सांगितल्यावर विट्याचा लगेच म्हणाला, म्हंजे बिल्डिंगला पैसे द्यायचे नाहीत. वहीत लिहून पण घेतलं त्यानं.

कर्मवीरअण्णांचं वेगळं सांगावं लागलं नाही. अर्धी पोरं रयतच्या शाळेतनं आलेली. घरोघरी मूठमूठ धान्य गोळा करून पोरांचं बोर्डिंग चालवायचं, लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकून पोरांना जेवायला घातलं, हे त्यांना चौथीपासून पाठ आहे. फक्त त्या मुठीचा आणि आपल्या तीस हजारांचा काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात आलेलं नव्हतं. कर्मवीर म्हंजे भिंतीवरचा फोटो.

आता माझी चूक सांगते. मी एक फॉर्म बनवला. चार पानी. कुठल्यातरी कंपनीच्या सीएसआरचा, म्हंजे समाजकार्याच्या निधीचा, फॉर्म नेटवर मिळाला, तो मराठीत केला, संस्थेचे व्हिजन, मिशन, लाभार्थ्यांचे वर्गीकरण, मागील पाच वर्षांचे प्रभाव मोजमाप. एकदम भारी दिसत होता. पोरांनी पाच-सहा ठिकाणी नेऊन दिला. तीन परत आले.

एक सांगलीतल्या बालनाट्य संस्थेचा, टाइप केलेला, फोटो जोडलेले, ऑडिट रिपोर्ट जोडलेला, मागणी पूर्ण तीस हजार, स्पर्धेच्या नाटकाच्या कपड्यांसाठी. दुसरा मिरजेतल्या एका गाण्याच्या क्लासचा, निळ्या पेनने लिहिलेला, अर्धा कोरा. आणि तिसरा तासगाव तालुक्यातल्या एका गावातनं, तिथं एक रिटायर्ड चित्रकला शिक्षक देवळाच्या सभामंडपात संध्याकाळी पोरांना फुकट शिकवतात. त्यांनी ‘संस्थेचे व्हिजन’ पुढं लिहिलं होतं: पोरांना चित्र काढता यावं. ‘मिशन’ पुढं: वरीलप्रमाणे. प्रभाव मोजमापच्या रकान्यात पेन्सिलने एक छोटं प्रश्नचिन्ह होतं, बहुतेक नंतर खोडायचं म्हणून काढलेलं आणि राहून गेलेलं.

पोरं हसली. मी पण हसले आणि मग मला जरा लाज वाटली. सत्तरीच्या आसपासच्या माणसाला आम्ही तीस हजारांसाठी, तेही मिळतील का नाही माहीत नाही, चार पानं भरायला लावली. मी आयुष्यभर पोरांना ऑडिट शिकवलंय त्यामुळे कागद बघितला की मला बरं वाटतं, ही माझी खोड. फॉर्म फेकून दिला. मग पोरांनीच तीन प्रश्न ठरवले, जाऊन तोंडी विचारायचे: गेल्या महिन्यात पैसे कशावर गेले, पैशावाचून काय थांबलंय, आणि आम्ही काहीच दिलं नाही तर काय होईल. तिसरा प्रश्न कवठेमहांकाळच्या मुलीचा. जरा आगाऊ वाटला मला तेव्हा.

पहिली भेट पावसात गेली. कृष्णेचं पाणी वाढायला लागलं आणि आयर्विन पुलाची पातळी किती फूट हे सोडून सांगलीत दुसरा विषय नाही. २०१९ बघितलेल्या माणसाला ऑगस्टमध्ये झोप लागत नाही. चौघी जणी तर घरातलं सामान माळ्यावर चढवत होत्या. पाणी उतरलं, मग मिरजेला गेलो.

गाण्याचा क्लास म्हंजे दोन खोल्या, खाली किराणा दुकान, जिना असा की एका वेळी एकानंच चढायचं. चाळीसेक पोरं, महिना तीनशे फी, त्यातली बाराजण देत नाहीत आणि बाई मागत नाहीत. कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाची आई दवाखान्यात मावशी आहे, मिरजेत दवाखाने म्हणाल तेवढे. कोपऱ्यात गवसणी घातलेला तानपुरा उभा आणि पेटीवर मोबाईल ठेवलेला, मोबाईलमधनं तानपुरा वाजतोय, ॲपवर.

विट्याचा माझ्या कानात म्हणाला, मॅडम वाजतोय की ॲपवर, मग काय अडलंय?

बाईंनी ऐकलं ते. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ये बस, आणि गवसणी काढून तानपुरा त्याच्या मांडीवर दिला. छेड म्हणाल्या. त्यानं छेडला तर नुसतं ठण्ण, बादलीवर चमचा मारल्यासारखं. जवारी, म्हंजे तारेची गुंज, गेलीये, बाई म्हणाल्या, दोन वर्षं झाली. ॲप काय, कायम सुरातच असतं, चुकतच नाही. पण पोराला तानपुरा जुळवायला लागला तरच कान तयार होतो, तार किंचित उतरली हे कळायला ती उतरावी लागते ना बाळा.

तार उतरावी लागते, हे वाक्य तो पुढं दोन आठवडे सगळ्यांना ऐकवत होता.

गेल्या महिन्यात पैसे कशावर गेले? भाडं साडेचार हजार, लाइट बिल, तबलावाल्या सरांचं मानधन. काय थांबलंय? जवारी, आणि तबल्याची पुडी, म्हंजे वरचं कातडं, फाटलीये. काहीच दिलं नाही तर? बाई जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, काही होणार नाही, चाललंय तसं चालेल, भाडं दोन महिने मागं आहे तेवढं मालक बोलेल.

संस्था रजिस्टर आहे, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे, पण ८०जी, म्हंजे देणगी देणाऱ्याला टॅक्समध्ये सूट मिळवून देणारी मान्यता, नाही. आधी होतं, २०२१ नंतर सगळ्यांनाच नव्यानं अर्ज करायला लागला तेव्हा यांचा राहिला. सीएसआर-१, म्हंजे कंपन्यांकडनं पैसे घ्यायची नोंदणी, तर लांबच. इथं माझ्यातली टॅक्सची बाई जागी झाली आणि परत येताना वडापमध्ये, म्हंजे शेअर जीपमध्ये, मी लेक्चर दिलं. कंपनी कायद्याच्या १३५ कलमाखाली मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के खर्च करायला लागतात, यादीत पारंपरिक कला पण आहेत, पैसा आहे, पण तो घ्यायला १२ए म्हंजे संस्थेच्या करमाफीची नोंदणी पाहिजे, ८०जी पाहिजे, सीएसआर-१ चा नंबर पाहिजे, ऑडिट पाहिजे, आणि हे सगळं करायला जो माणूस लागतो त्याचा पगार द्यायलाच यांच्याकडे पैसे नाहीत. त्यामुळे ज्यांच्याकडे सगळे कागद आहेत त्यांच्याकडे आणखी पैसे जातात. ड्रायव्हरमामा म्हणाले, रेशन कार्डाचं पण असंच असतंय.

पुणेवाल्याला मी फोन करून सांगितलं की बाबा तुला ८०जी मिळणार नाही. तो हसला, मॅडम मी टॅक्सच्या न्यू रिजीमला आहे, मला तसं पण मिळत नाही. मीच शिकवलेलं पोरगं.

तासगावच्या गावाला गेलो तेव्हा संध्याकाळ होती. सभामंडपात एकच बल्ब, तो पण देवासमोर, आणि वीसेक पोरं अर्धगोल करून बसलेली, मधोमध एक तांब्या, दोन वांगी आणि पितळी समई. वस्तुचित्र चाललेलं. सगळ्यांची सावली कागदावर पडते म्हणून एक पोरगी अक्षरशः आडवी होऊन काढत होती. इथल्या मुलांची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची तयारी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या सरकारी ग्रेड परीक्षा, इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीला सात मार्क वाढीव, बी ला पाच, सी ला तीन. या पोरांच्या शाळेत चित्रकलेला शिक्षकच उरलेला नाही, सर रिटायर झाल्यावर जागा भरली नाही, शाळा फॉर्म भरून देते तेवढंच, शिकवायचं हे सर देवळात बसून.

आम्हाला वाटलं कागद-रंग मागतील. सर म्हणाले, कागद लागतो हो, पण अडलंय ते वडापवर. परीक्षेचं केंद्र तालुक्याला, एका परीक्षेला दोन दिवस, सकाळी एसटी वेळेवर येत नाही, आणि घरचे म्हणतात दोन दिवस भाडं घालून चित्र काढायला कशाला जायचं. गेल्या वर्षी सतराजणांची तयारी झाली होती, परीक्षेला बसले सात. काही दिलं नाही तर काय होईल, याला सरांनी सरळ सांगितलं: परत सातच बसतील.

आडवी होऊन चित्र काढणाऱ्या पोरीला आमच्या सीआरनं विचारलं तू बसली होतीस का गेल्या वर्षी. ती म्हणाली, नाही, बागेत बेदाण्याचं काम होतं. आणि परत वांग्याचं देठ काढायला लागली. ते देठ इतकं छान आलं होतं.

बालनाट्यवाल्यांकडे पण गेलो. चांगली माणसं, चांगलं काम, हॉल आहे, ८०जी आहे, दोन कंपन्यांचे पैसे येतात. चहा-भडंग दिलं. तिसऱ्या प्रश्नाला म्हणाले, काही नाही, दुसरीकडनं बघू. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मग भांडणं. तीन मीटिंगा नुसती भांडणं. आधी त्यांनी मार्कांचा तक्ता केला, शंभरपैकी गुण, किती पोरं, किती गरज, पारदर्शकता वगैरे, आणि बेरीज केल्यावर तिघांना जवळपास सारखेच मार्क पडले, एकाला ७१, दोघांना ७२. मग तक्त्यातले आकडे बदलायला लागले हवं ते उत्तर यावं म्हणून. मी म्हणलं हे तुम्ही नोकरी लागल्यावर करालच, आत्तापासून कशाला.

खरं भांडण वेगळं होतं. तासगावच्या एकानं म्हणून टाकलं, शास्त्रीय संगीत म्हंजे वरच्या लोकांचं, त्यांना कशाला, आमच्या गावाकडच्या पोरांना द्या. वर्ग एकदम गप्प. मिरजेची एक मुलगी आहे, एरवी बोलत नाही, ती म्हणाली, माझी आत्या तिथं शिकते, आत्या बेकरीत कामाला आहे. आणि तानपुरे कोण बनवतं ते बघायला चल.

म्हणून आम्ही सतारमेकर गल्लीत गेलो. तसं जायचंच होतं जवारीसाठी. मी आयुष्यभर सांगलीत राहून त्या दुकानात पहिल्यांदा पाय ठेवला, हे पण कबूल करते. पूर्वी हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी, तलवारींचं काम कमी झालं तसं एकोणिसाव्या शतकात वाद्यं दुरुस्त करता करता वाद्यं बनवायलाच लागली, आणि आज देशभरातले गाणारे मिरजेचा तानपुरा मागतात. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथंच राहिले, १९३७ मध्ये गेले, दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि उरुसात गाणं होतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हंजे त्या गावच्या मालाची सरकारी ओळख, पण मिळालं. दुकानात वर भोपळे टांगलेले, एवढाले, हे पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतात असं दुकानातले कारागीर चाचा म्हणाले, आणि लाकूड तुणाचं.

चाचांनी तानपुरा आडवा घेतला, तारा ढिल्या केल्या, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) मोकळी केली आणि उजेडाकडे धरून तिरकी करून बघितली. आम्हाला दाखवली. तारांनी घासून घासून चार बारीक खाचा पडलेल्या, नखाने कळतील एवढ्याच. त्या खाचांमुळे तार घोडीवर नुसती बसते, सरकत सरकत निघत नाही, म्हणून आवाज बंद. मग कानशीने घासायला सुरुवात. दोन घास, फुंकर, परत उजेडाकडे. सगळा खेळ त्या उताराचा आहे, घोडीचा माथा सपाट दिसतो पण सपाट नसतो, किंचित उतरता, आणि किती उतरता ते मोजायला काही नाही, फक्त चाचांचा अंगठा. मग पॉलिश पेपर. मग परत तारा चढवल्या, छेडली, कान लावला, मान हलवली, परत ढिल्या. असं किती वेळा केलं मी मोजलं नाही, तास-दीड तास गेला. पोरं एरवी दहा मिनिटं एका जागी बसत नाहीत.

शेवटी त्यांनी चारी तारांखाली सुताचे बारीक धागे सरकवले. पहिल्या तारेखालचा धागा केसभर पुढं, केसभर मागं. आणि एका जागी तो आवाज उघडला. मला दुसरं सांगता येत नाही. तीच तार, तेच बोट, आणि एकदम खोलीभर गुंजायला लागलं, टांगलेले भोपळे पण वाजतायत असं वाटलं. तासगावचा, जो म्हणला होता वरच्या लोकांचं, तो तोंड उघडं टाकून बसलेला. चाचांनी त्याला विचारलं, बजाना है? त्यानं हात पँटला पुसले आधी.

जवारी आणि नवीन तारा मिळून बावीसशे. चाचा म्हणाले पोरांच्या क्लासचा आहे ना, मग दोनशे कमी द्या. आमच्या पोरांनी ऐकलं नाही, पूर्ण दिले. आपण वाटायला निघालोय मॅडम, घासाघीस कशी करणार.

शेवटचा हिशोब असा बसला. मिरजेच्या क्लासला साडेतेरा हजार: जवारी-तारा बावीसशे, तबल्याच्या पुड्या तेवीसशे, आणि मागं राहिलेलं दोन महिन्यांचं भाडं नऊ हजार. तासगावकडे सोळा हजार एकशे साठ: परीक्षेचे चार दिवस वडाप ठरवून सहा हजार, सभामंडपात दोन ट्यूबा आणि वायरिंग मिळून तीन हजार, बाकी कागद, ड्रॉइंग बोर्ड, पोस्टर कलर, ब्रश. सरांची संस्था वगैरे काही नाही, एकटा माणूस, त्यामुळे रोख हातात न देता दुकानातनं बिलं करून घेतली. भाड्याचा चेक. वडापवाल्या मामांनी तर लेटरहेडवर पावती लिहून दिली, त्यांच्याकडे लेटरहेड होतं, मला अजून कळलं नाही कशाला.

बालनाट्याला शून्य. हे सांगायला फोन कोण करणार यावर अर्धा तास गेला. मेसेज टाकू म्हणाले, मी म्हणलं नाही, मागायला त्यांनी फॉर्म भरला, चहा पाजला, नाही म्हणायला फोन करायचा. कवठेमहांकाळच्या मुलीनं केला. स्पीकरवर नको म्हणाली, बाहेर जाऊन जिन्यात बसली. सात मिनिटं. परत आली तेव्हा रडवेली झाली होती, कारण तिकडचे सर रागावले नाहीतच, उलट म्हणाले बरोबर केलंत, आणि तुला नाटकात काम करायचंय का. ती आता शनिवारी तालमीला जाते.

कॉलेजमध्ये एक विघ्न आलं. वरून विचारणा झाली की कार्यक्रम कधी घेताय, मोठा पुठ्ठ्याचा चेक करू, पेपरला फोटो देऊ. मी म्हणलं फोटोत काय दाखवणार, भाड्याची पावती? जवारीचा तर फोटो निघतच नाही, केसभर उतार. ट्यूबचा काढता येईल. शेवटी कार्यक्रम झाला नाही, आणि यामुळे माझ्याबद्दल काय मत झालं असेल ते असो. रिपोर्टला फोटो सक्तीचे असतात म्हणून एका पोरानं देवळातल्या ट्यूबचा फोटो लावला, खाली लिहिलं ‘ट्यूब’.

मला शंका नाहीत असं नाही. भाडं दोन महिन्यांचं दिलं, तिसऱ्या महिन्याचं काय. बाईंच्या ८०जीचं काम मी अंगावर घेतलंय, बघू, पोर्टलवर पहिल्याच पानाला अडकलेय. आणि ज्या दोन-तीन ठिकाणांनी माझा चार पानी फॉर्म बघून परत केलाच नाही, त्यांच्याकडे आम्ही गेलोच नाही. त्यातलं एक हार्मोनियमचं होतं, महापुरात भिजलेल्या पेट्या घरात ठेवून शिकवणारे आजोबा. पुढच्या वर्षी पैसे असोत नसोत, त्यांच्याकडे आधी जायचंय.

आता राहिले तीनशे चाळीस रुपये. या तीनशे चाळीसवरनं ग्रुपवर पंधरा दिवस वाद चालू होता. कोण म्हणतंय वडापाव खाऊ, कोण म्हणतंय एक रुपया पण आपला नाही, विट्याचा म्हणतोय तानपुऱ्याच्या धाग्याचं रीळ घेऊन देऊ, ते दहा वर्षं जाईल. मी हिशोबात ‘शिल्लक’ लिहून ठेवलं होतं.

परीक्षेचा चौथा दिवस संपला त्या संध्याकाळी सरांचा मेसेज आला. ते सगळं एका ओळीत लिहितात, फुलस्टॉप नाही काही नाही. अकरा एलिमेंटरी सहा इंटरमिजिएट सतरा गेले सतरा परत आले गाडी वेळेवर होती भूमितीच्या पेपरला एकाची पट्टी हरवली शेजारच्याने दिली.

मी तो ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांनी सीआरचा रिप्लाय: मॅडम, चांगली पट्टी केवढ्याला येते?